कोरी बाटली

पेट्रोल पंपामागच्या गल्लीत तिला सगळे 'बाटलीबाई' म्हणत आणि तिला त्याचा काडीचाही राग नव्हता. दर तीन महिन्यांनी ती यायची, पंपाभोवती खोदलेल्या सहा अरुंद विहिरींची झाकणं उघडायची, आतलं शिळं पाणी उपसायची आणि मग वर आलेलं ताजं पाणी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत द्यायची. जमिनीखालच्या टाक्यांतून पेट्रोल झिरपतंय का, एवढंच बघायचं होतं. चार नंबरची विहीर तिच्या थोरल्या नणंदेच्या दारात होती, हापशापासून तीन पावलांवर. त्या हापशाचं पाणी नणंदेची सून पीत होती, आणि सुनेला सातवा महिना लागला होता.

यंदा चार नंबरमध्ये पेट्रोल सापडलं. बाटलीबाईने नणंदेला तडक फोन केला, हापसा बंद झाला. दोनच दिवसांनी प्रयोगशाळेतल्या केमिस्टचा फोन आला.

"ताई, घोळ झालाय. कोरी बाटलीसुद्धा खराब निघाली."

कोरी बाटली म्हणजे शुद्ध पाण्याची. ती बाकीच्या बाटल्यांबरोबर नुसती फिरून येते. तिच्यात पेट्रोल निघालं तर नमुन्यांतलं पेट्रोल विहिरीचं की नमुना घेणाऱ्याचं, हे कुणीच सांगू शकत नाही. बाटलीबाईला लगेच आठवलं. त्या सकाळी तिने बाटल्या गाडीत असतानाच पेट्रोल भरलं होतं आणि त्याच हातांनी बाटल्या हाताळल्या होत्या. जे करू नका म्हणून वीस वर्षं नवख्यांच्या कानीकपाळी ओरडली, नेमकं तेच!

"कोरी फुटली म्हणून लिहू का?" केमिस्ट हळूच म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

मोह झाला. झालाच. "नको," ती म्हणाली. "सगळे नमुने रद्द करा. पण परत घ्यायची परवानगी आठवड्याभरात मिळवून द्या. तीन महिने मी थांबणार नाही."

पंपाच्या मॅनेजरचं फावलं. पेट्रोल बाईंच्या हाताला होतं, पाणी चोख आहे, असं त्याने गल्लीभर सांगितलं. नणंदेने हापसा पुन्हा सुरू केला.

"वन्सं, आठ दिवस कळ काढा," बाटलीबाईने हात जोडले. "नमुना चुकला म्हणजे पाणी चांगलं, असं नाही होत."

"वहिनी, आधी आहे म्हणालीस, मग सांगता येत नाही म्हणालीस. आता तुझ्या कुठल्या बोलण्यावर विश्वास ठेवू?"

खरं बोलून बाटलीबाईने त्या पोरीला पुन्हा त्याच पाण्यावर आणून सोडलं होतं. ती रोज दोन कॅन चांगलं पाणी दारात ठेवून यायची, दुसऱ्या दिवशी ते तसेच दिसायचे.

परवानगी आली त्या दिवशी तिने गाडी घरीच ठेवली. बाटल्या, हाताने चालवायचा पंप आणि उपसलेल्या पाण्यासाठी झाकणाचं पिंप, असा सगळा पसारा हातगाडीवर ढकलत ती चार किलोमीटर आली.

"बाई, गाडी विकली की काय?" म्हणत मॅनेजर मदतीला पुढे झाला.

"लांब!" ती अशी खेकसली की तो जागच्या जागी थांबला. "तुमच्या हाताला पेट्रोलचा वास आहे. काय बघायचं ते तिथूनच बघा."

दोन तास ती पंप मारत होती. दंड भरून आले, पण थांबली नाही. नणंद खिडकीतून बघत होती, शेवटी तिला राहवलं नाही.

"उपसलेलं पाणी गटारात ओत की. पिंप कशाला भरतेस?"

"गटारातून ते परत जमिनीतच मुरतं, वन्सं. निकाल येईपर्यंत पिंप तुमच्या दारात राहील."

चार दिवसांनी ती कॅन ठेवत असताना फोन वाजला.

"आधी कोरी सांगा," ती म्हणाली.

"स्वच्छ. एकदम स्वच्छ."

"आता चार."

केमिस्टने आकडा सांगितला. तो मागच्यापेक्षा मोठा होता. पंपाच्या टाक्या आजच बंद होणार होत्या, तेही त्याने सांगितलं.

तिला आनंद झाला, खोटं कशाला बोला. पण तो क्षणभरच टिकला, कारण सून उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती आणि तिचा हात पोटावर होता.

नणंद आत गेली आणि पिण्याच्या पाण्याची भरलेली बादली दोन्ही हातांनी उचलून बाहेर आली. गटारापाशी थांबली, मग वळली.

"वहिनी," ती म्हणाली, "पिंप उघड."