बापूसाहेबांच्या पोटातला चिखल

निरवांगीचा बुद्धघोष बापूसाहेबांच्याच संस्थेच्या शाळेत चित्रकला शिकवायचा आणि बापूसाहेबांवरच मनापासून चिडायचा. कारणही तसंच होतं. त्याच्या वस्तीचा रस्ता बारामतीच्या एका साप्ताहिकात दर निवडणुकीला नव्यानं पूर्ण होई. 'कार्यसम्राट बापूसाहेबांनी शब्द पाळला' असा मथळा यायचा आणि वस्तीवर गुडघाभर चिखल असायचा. गेल्या पावसाळ्यात त्याची आई अक्काबाई त्यात घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं. डांबरी सडकेपर्यंत तिला बाजेवर घालून न्यावं लागलं. तिचं कण्हणं ऐकलं तेव्हापासून बुद्धघोषचं डोकं फिरलं होतं.

सत्त्याण्णव साली बापूसाहेबांच्या एकसष्टीनिमित्त बारामतीत कलाप्रदर्शन भरलं. बुद्धघोषनं संधी साधली. त्याच साप्ताहिकाच्या रद्दीचा लगदा करून त्यानं बापूसाहेबांचा माणसाएवढा पुतळा उभा केला आणि वरून मथळे चिकटवले. छातीवर 'विकासपुरुष', टोपीवर 'शब्दाला जागणारा नेता'. पोटाला एक लहानसं दार, आणि दाराआड वस्तीच्या रस्त्यावरचा चिखल. भर सभेत दार उघडायचं, असा बेत होता. नोकरी गेली तर गेली, पण आईला पुन्हा बाजेवरून न्यायची पाळी येऊ नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

दार उघडायला त्याला उठावंही लागलं नाही. बापूसाहेबांचा खास कार्यकर्ता मानसिंग पुतळा पाहून इतका गहिवरला, की त्यानं पुतळ्यालाच हार घातला.

"आरं, जित्या माणसाच्या पुतळ्याला हार?" मागून कुणीतरी ओरडलं.

मानसिंगनं हार खसकन ओढला, तो दाराच्या कडीत अडकला, दार उघडलं आणि चिखल बदकन शेजारी उभ्या बापूसाहेबांच्या कोऱ्या पायताणावर पडला. बुद्धघोषला वाटलं, झालं आपलं काम.

पण बापूसाहेबांनी अशा किती सभा पचवल्या होत्या! ते वाकले, चिमूटभर चिखल उचलून त्यांनी कपाळाला लावला.

"ही माज्या मान्सांची माती हाय. ह्या पोरानं माजं काळीज उघडून दावलं!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

"माती न्हाय, चिखूल हाय तो! आमच्या रस्त्यावरचा!" बुद्धघोष घसा फाडून ओरडला. मानसिंगनं तोच हार त्याच्या गळ्यात घालून त्याला मिठी मारली.

साप्ताहिकात मथळा आला : 'मातीशी नाळ जोडलेला नेता, शिक्षकाची हृद्य मानवंदना'. बुद्धघोष तडक संपादक दीपकरावांकडे गेला.

"मी वरडून सांगितलं, त्याचं काय?"

"छापलंय की, सर. हे बघा, 'कलावंताचा कंठ दाटून आला.'"

नोकरी गेली नाही, उलट कायम झाली. शिवाय बापूसाहेबांनी प्रचारासाठी गावोगाव मातीचे कलश फिरवायचं ठरवलं. माती अर्थातच त्या पवित्र वस्तीची हवी. टेम्पो आले, फावडी आली आणि बघता बघता वस्तीच्या वाटेवर कमरेएवढा खड्डा पडला.

अक्काबाई नुकतीच काठी टेकत चालायला लागली होती. ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. बुद्धघोषला तिच्याकडे बघवेना.

"आदी चिखलातनं का हुईना, जाता येत व्हतं, लेका," ती म्हणाली. "आता मी कुठनं जाऊ?"