तलावपाळीला वाजलेला मृदंग

मित्रांनो, मी एक जुना मृदंग आहे. जुना असलो तरी फुटका नाही, म्हणून आज मंडपात माझ्यावरून काय झालं ते मीच सांगतो.

माझं खोड खैराचं. कल्याणच्या कारागिराने ते पोखरलं, दोन्ही तोंडांवर चामडं चढवलं, वाद्या आवळल्या आणि मला कोपरीच्या गुणाजी बुवांच्या हाती दिलं. बुवा जातीचे कोळी, गळ्यात तुळशीची माळ. मासे खाणं सोडलं, जाळी विणणं नाही. ते कीर्तनाला उभे राहिले की मागे मी. माझ्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापली की घुमारा येतो. वाजवून झाल्यावर ती खरवडावी लागते, नाहीतर उंदीर चामडं कुरतडतात. बुवांचा मुलगा मितेश लहानपणी हे काम करायचा, पुढे वाजवायलाही तोच बसू लागला. "बुवांनी तोंड उघडायच्या आत याची थाप पडते," असं लोक कौतुकाने म्हणत.

गेल्या वर्षी मितेशने घरात सांगितलं, "बाबा, मुली बघू नका. माझं दिपेशवर प्रेम आहे." बुवा ओरडले नाहीत. त्यांनी बोलणंच सोडलं. तेव्हापासून बापलेकांचं जे काही बोलणं व्हायचं ते कीर्तनात, माझ्या तालावर.

परवाच्या रविवारी ठाण्यात तळ्याकाठी, तलावपाळीला, प्राइड यात्रा होती. मुलाचं मुलावर, मुलीचं मुलीवर प्रेम असतं अशी माणसं आणि त्यांचे सोबती त्या दिवशी न लपता रस्त्याने चालतात. मितेशने मला खांद्याला अडकवलं. दारात त्याची आई, शेवंतीबाई. मला वाटलं, आता अडवते. तिने कणकेचा गोळा पुढे केला.

"घे. तिकडं कुठं शोधत बसशील? आणि वादी सांभाळ."

तलावपाळीला मी काय पाहिलं? खोटं कशाला बोलू, गाण्यांचा जो भोंगा लावला होता तो मला मुळीच आवडला नाही. काहींचे कपडे बघून तर मी लाजलोसुद्धा. पण भोंगा बंद पडला, मितेशने थाप दिली, दिपेशने टाळी धरली आणि सगळे देहभान विसरून नाचले. एक गृहस्थ मात्र तोंडाला रुमाल बांधून होते. नाचता नाचता तो सुटला, तसा त्यांनी घाबरून पुन्हा आवळला. तेवढं मला बघवलं नाही. जन्मभर देवाच्या दारात वाजलो आहे, मित्रांनो. आपलं प्रेम उघड्या तोंडाने सांगत चालण्यात देवाला न आवडण्यासारखं काही मला दिसलं नाही.

पण कुणीतरी मोबाईलवर ते टिपलं. आज सप्ताहाच्या मंडपात धाकूशेठ, देवळाचे पंच, बुवांना आडवे आले.

"बुवा, सगल्यांनी बघितलंय. तुमचा पोर आज मृदंगावर नको. शहाडवरून यज्ञेशला बोलावलाय."

"अन् मृदंग चालतो होय?" बायकांमधून शेवंतीबाई म्हणाली. "तो पण गेलेला तिथं!"

कुणीतरी हसलं. धाकूशेठ हसले नाहीत. मितेश मागे वळला आणि चपलांपाशी जाऊन उभा राहिला. यज्ञेशने मला मांडीवर घेतलं. नवखा हात, माझ्या वाद्या ताठल्या. आज मितेश त्या चपलांत पाय घालून गेला, तर घरात उरलेलं एवढंसं बोलणंही संपणार होतं.

आमच्याकडे कीर्तनाआधी बुवा मृदंग वाजवणाऱ्याच्या पाया पडतात. तिथे वय बघत नाहीत. बुवा उठले. यज्ञेश पाय सावरून बसला. पण बुवा त्याच्यापुढून गेले, टाळकऱ्यांमधून वाट काढत चपलांपर्यंत गेले आणि मितेशच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं.

"माऊली, चला. लोक खोळंबलेत."

वर्षाने बोलले. मितेशला हुंदका आवरेना. "बाबा… कणीक नाही आणली."

"मी आणली रे!" शेवंतीबाईने डबा उंच धरला.

यज्ञेशने हसत जागा सोडली. मग मी असा वाजलो, मित्रांनो, की काय सांगू!

कीर्तन संपल्यावर सगळे एकमेकांच्या पाया पडले. धाकूशेठ बराच वेळ खांबाशी उभे होते. शेवटी आले, अर्धवट वाकले आणि पुटपुटले, "आज डावी जरा दबलेली. उद्या कणीक कमी लाव."

उद्या!

मितेश आता माझी कणीक खरवडतो आहे. मित्रांनो, मृदंग असाच जपा, कणीक वाळू देऊ नका. आणि तुमच्या घरात कुणाशी बोलणं थांबलं असेल, तर त्याने चपला घालायच्या आत हाक मारा.