गिट्टीची हजेरी

गिट्टी वाचली.

हे वाक्य चुकून लिहिलं गेलं. तुम्ही ते वाचलेलं नाही असं धरून चाला. गिट्टी वाचली-बिचली काही नाही, अजून ती नीट आजारीसुद्धा पडलेली नाही. सन त्रेसष्टचा मार्च महिना चालू आहे आणि ती आमच्या सेक्टर एकमधल्या क्वार्टरच्या अंगणात बसून, आपण कालपासून उपाशी आहोत असं घरातल्या तिसऱ्या माणसाला पटवून देत आहे. पहिल्या दोघांना पटलेलं आहे. दोघांनी एकेक भाकर दिलेली आहे.

क्वार्टर केवलराम भाऊजींचं, म्हणजे माझ्या मथुराताईच्या नवऱ्याचं. भाऊजी साकोलीकडचे, धानाच्या बांधावरचे. भिलाईच्या लोखंडाच्या कारखान्याच्या खोदाईवर सत्तावन साली आले तेव्हा ताई गावीच होती, आणि भाऊजी टिनाच्या शेडमध्ये एकटे. रेल्वे लाइनीच्या कडेला गिट्टीचा, म्हणजे खडीचा, ढीग होता, त्यावर त्यांना कुत्र्याचं एक पिल्लू सापडलं. रंग गिट्टीचा, आकार गिट्टीचा, आणि नावं ठेवण्याच्या कामात भाऊजींची गती बेताची. दोन वर्षं ती दोघं त्या शेडमध्ये एका कांबळ्यात राहिली. पुढे भट्टी पेटली, क्वार्टर मिळालं, ताई आली. आल्या दिवशी गिट्टीनं तिला दारात अडवून बराच वेळ हुंगलं आणि मग नाइलाजानं आत घेतलं, असं ताई अजून सांगते.

भाऊजी दिवसाला साधारण पंचवीस शब्द बोलतात. त्यांतले अठरा गिट्टीच्या वाट्याला येतात आणि उरलेले आम्ही दोघं वाटून घेतो.

त्यांची ड्युटी भट्टीच्या अलीकडे, जिथे खनिज आणि नंदिनीच्या खाणीतला चुनखडा उतरतो तिथे. धूळ एवढी की पाळी संपेस्तोवर सगळे सख्खे भाऊ दिसू लागतात. म्हणून तिथल्या माणसांना रोज गुळाचा एक खडा मिळतो. गुळानं गळ्यातली धूळ उतरते म्हणतात. भाऊजी तो खडा स्वतः कधी खात नसत. कागदाच्या पुडीत बांधून घरी आणत आणि गिट्टीला देत. चार वर्षांत एक खाडा नाही. तिच्या गळ्यात कुठे धूळ चाललीय, असं मी एकदा विचारलं. तीपण धुळीतच बसते, असं उत्तर आलं. त्या दिवशीचे माझे शब्द तिथेच संपले.

मी दिवाळीपासून त्यांच्याकडे राहतो आणि कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या खात्यात, काम करतो. माणूस कामावर आला की त्याचा पितळी बिल्ला डाव्या पाटीच्या खिळ्यावरून उजव्या पाटीच्या खिळ्यावर जातो. आमच्या खात्यात माणूस हजर आहे की नाही हे माणसाकडे पाहून ठरवत नाहीत, बिल्ल्याकडे पाहून ठरवतात. हजर माणूस समोर उभा राहून 'मी आलोय' म्हणाला तरी आम्ही आधी खिळा बघतो. चांगली पद्धत आहे, फक्त ती घरी आणू नये.

तर, गिट्टी पाणी फार पिऊ लागली. उन्हाळा आहे म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. भिलाईत मार्चपासून सगळेच पाणी पितात. मग ती फार खाऊ लागली आणि वाळतही गेली. खाणं कुठे जात होतं ते कळेना. मग एवढी शहाणी कुत्री, पण घरात ओलं करू लागली, आणि केल्यावर कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसू लागली. शेजारच्या सिंधुताईंनी नजर लागल्याचं निदान केलं आणि मीठ-मोहरी ओवाळली. गिट्टीनं मोहरी चाटून टाकली.

शेवटी मुंग्या आल्या. अंगणात जिथे गिट्टी बसून उठे तिथे दहा मिनिटांत मुंग्यांची रांग लागे, पहिल्या पाळीच्या गेटवर लागते तशी. मथुराताईला वाटलं, कोणीतरी आपल्या अंगणात शरबत टाकून राहिलं. तिनं दोन दिवस गल्लीतल्या पोरांवर पाळत ठेवली. मी मुंग्यांवर ठेवली. मुंग्या सरळ होत्या, त्यांनी लपवाछपवी केली नाही. मुंग्या गिट्टीच्या मुतावर येतात हे मी जेवताना जाहीर केलं आणि ताईनं मला अंगणात जेवायला बसवलं.

मग एका दुपारी भाऊजी पाळीवरून आले, तर गिट्टी त्यांच्यावर भुंकली. तिच्या डोळ्यांत पांढुरकी झाक आली होती. ते जवळ जाऊन नुसते उभे राहिले, तिनं हुंगलं, मग शेपूट हलवली. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरचं माणूस बिमार' असं लिहिलं. भाऊजी खोटं लिहीत नाहीत.

दुर्गच्या गुरांच्या दवाखान्यात आमचा नंबर तीन बैल आणि एका रागीट म्हशीनंतर आला. डॉक्टर शालिकराम नागपूरकडचे निघाले. मी मुंग्यांचं सांगितलं तशी त्यांनी मान वर केली. गिट्टीला मागं नेऊन बाटलीत थोडं धरलं, निळ्या औषधात आठ-दहा थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं होतं ते हिरवं झालं, मग पिवळं, मग विटेसारखं लाल. रोज वितळलेलं लोखंड पाहणारे भाऊजी एक पाऊल मागे सरले.

डायबेटिस आहे, डॉक्टर म्हणाले. माणसाला होतो तोच. खाल्लेल्याची साखर रक्तात फिरते, पण अंगाला लागत नाही, लघवीवाटे निघून जाते. म्हणून एवढी तहान. आणि म्हणूनच पोटभर खाऊनही जनावर उपाशीच राहतं.

म्हणजे गिट्टी खोटं बोलत नव्हती. महिनाभर आम्ही तिला नौटंकी म्हणत होतो.

भाऊजींनी विचारलं, "साहेब, मी तिले रोज गूळ देत होतो. मीच केलं काय हे?"

"गुळानंच झालं असं नाही म्हणता येत," डॉक्टर म्हणाले. "उतरत्या वयात होतं, माद्यांना जास्त होतं. पण आजपासून गूळ बंद."

त्यांतलं शेवटचं वाक्य तेवढं भाऊजींना ऐकू आलं.

मग हुकूम सुटले. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला इन्सुलिनची सुई. रोज तेवढीच आणि रोज त्याच वेळी, तिच्या जन्मभर. आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर सुई टोचायची नाही, येऊन विचारायचं. खाणं मोजून, मधलं काही नाही. आणि कधी ती थरथरली, झोकांड्या खाऊ लागली, तर साखर फार उतरली समजायचं आणि ताबडतोब तोंडात गोड घालायचं. वाढलेली साखर महिने देते, डॉक्टर म्हणाले, उतरलेली तासही देत नाही.

घरी येऊन भाऊजींनी साखरेचा डबा सिंधुताईंकडे नेऊन दिला. आम्ही बिनसाखरेचा चहा पिऊ लागलो. कोणी आजारी नसताना आख्खं घर पथ्यावर गेलं, गिट्टी सोडून. तिला मोजून का होईना, मटणाचं पाणी मिळत होतं. इन्सुलिनची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत एका बरणीत राहू लागली. काचेची सिरिंज मथुराताई उकळून देई, पण टोचायच्या वेळी गिट्टीचं डोकं धरून स्वतःच डोळे मिटून घेई. टोचणार फक्त भाऊजी किंवा मी, ज्याची पाळी नसेल तो.

इथे माझ्या डोक्यात कल्पना आली. दाराशेजारी दोन खिळे ठोकले आणि एक जुना बिल्ला आणला. सुई झाली की बिल्ला उजव्या खिळ्यावर जायचा आणि पुढच्या वेळेआधी परत डाव्यावर यायचा. भाऊजींना पद्धत पटली. गिट्टी अशा रीतीनं हजेरीपटावर आली.

आणि सगळं जमलं. महिनाभरात तिचं पाणी कमी झालं, बरगड्या झाकल्या गेल्या, घर कोरडं राहू लागलं. मुंग्यांनी क्वार्टर सोडलं. डोळ्यांतली झाक काही गेली नाही, पण भाऊजी आता वळणावरूनच खाकरत येत, म्हणजे तिची पंचाईत होऊ नये.

मेमधल्या एका रविवारी मथुराताई बारशाला गावी गेली होती. भाऊजी रात्रपाळीहून साडेसहाला आले, गिट्टीला खाऊ घातलं, सातला सुई दिली, बिल्ला उजवीकडे टांगला आणि माठ झिरपत होता म्हणून नवा आणायला पावर हाउस नावाच्या वस्तीतल्या बाजारात गेले. मी झोपलो होतो. सव्वासातला उठलो. रविवारी आमच्या ऑफिसात पाळ्या बदलतात आणि गेल्या-गेल्या सगळे बिल्ले डावीकडे घ्यावे लागतात. मी झोपेतच हात लांबवला आणि दाराजवळचा बिल्ला डावीकडे घेतला. मग नळावर गेलो, दात घासले, परत आलो. बिल्ला डावीकडे. म्हणजे सुई झालेली नाही.

स्वतःच हलवलेल्या बिल्ल्यावर स्वतःच विश्वास ठेवला. सहा महिने मी खात्यात उगाच काढले नव्हते.

तिच्यापुढे भाकर ठेवली. तिनं हुंगून तोंड फिरवलं. जन्मात पहिल्यांदा ती मला सांगत होती, की माझं जेवण झालंय. मी खिळ्याकडे पाहिलं आणि सुई दिली.

नऊ वाजता ती उठली आणि पगाराच्या दिवशी माणसं चालतात तशी चालू लागली. मी हसलोसुद्धा. मग तिचे मागचे पाय गेले. ती आडवी झाली, अंग थरथरू लागलं, डोळे उघडे पण कोणाकडेच नव्हते. तेवढ्यात वळणावर खाकरण्याचा आवाज आला. पहिल्यांदा तिचे कान हलले नाहीत.

भाऊजींनी माठ दारातच ठेवला.

"सुई कोणं देली?"

"मी. साडेसातले."

"मी सातले देली."

आम्ही दोघांनी खिळ्याकडे पाहिलं. मला सगळं एकदम कळलं. साखर आणतो म्हणून मी सिंधुताईंच्या दाराकडे धावलो, तर त्यांच्या दाराला कुलूप. परत आलो तेव्हा भाऊजींनी पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली होती. ड्युटीचे कपडे बाहेर फेकले, आणि तळातून एक पत्र्याचा डबा काढला. डब्यात कागदाच्या पुड्या होत्या, चाळीस तरी. एक फोडली. गूळ होता. तोही चिकटून दगड झालेला. त्यांनी तो दातांनी फोडला, पाण्यात बोटांनी कुस्करला, आणि तिचा गाल बाजूला करून हिरड्यांवर चोळू लागले. ओतलं नाही, नुसतं चोळत राहिले. अठराच्या अठरा शब्द तिच्याशी बोलून झाले, मग माझ्या वाट्याचे, मग ताईचे. "चाट माय. तुह्याच हिश्शाचा आहे. चाट."

दोन पुड्या संपल्या. तिसरीला जीभ हलली. पाऊण तासानं तिनं मान उचलली आणि भाऊजींचा हात मनगटापर्यंत चाटून स्वच्छ केला. एवढी स्वच्छता त्यांच्या मनगटानं सत्तावननंतर प्रथमच पाहिली.

आता पहिलं वाक्य वाचायला हरकत नाही.

तिला भाकर-दूध खाऊ घालून, सायकलला टोपली बांधून आम्ही दुर्गला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, संध्याकाळची सुई बंद ठेवायला सांगितली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, की सुई एकाच हातानं झाली तर बरं.

परत येताना मी विचारलं, "भाऊजी, तो गूळ जमा कावून करून राहिले होते?"

"रोज भेटते."

"मग खायचा होता ना तुमी."

"तिचा होता." ते सायकल धरून चालत होते, टोपलीवर हात ठेवून. "देता येत नाही, खाववत नाही. ठेवून देल्ला."

चूक माझी होती, असं मी म्हणालो. नीट म्हणालो, विनोद न करता. मला ते फार जमत नाही.

"तू बिल्ला पायला," भाऊजी म्हणाले. "मी तिचं तोंड पायत होतो महिनाभर, मले तरी कुठं समजलं? चाल आता. तिले ऊन लागते."

मी घरी येऊन दोन्ही खिळे उपटले. एकच हात हवा तर तो भाऊजींचा, हे उघड होतं. पण भाऊजींना तीन पाळ्या, दर आठवड्याला बदलणाऱ्या. म्हणून रात्री अर्ज लिहायला बसलो. साधा जनरल शिफ्टचा, कायमच्या दिवसपाळीचा लिही, ते म्हणाले. मी म्हटलं, तो तर सगळेच मागतात, मिळत कोणालाच नाही. जे मिळणार नाहीच ते मागताना काटकसर कशाला? भट्टी दिवसरात्र जळते, ती थांबवता येत नाही, एवढं त्यांनी मला समजावलं. मग अर्ज वाचला, दोनदा वाचला, आणि खाली सही केली.

'मा. अधीक्षक साहेब यांचे सेवेशी. अर्जदार केवलराम, खनिज उतरण, सविनय सादर करतो की, अर्जदाराच्या घरी मधुमेहाची एक रुग्ण असून तिला रोज सकाळी सात व सायंकाळी सात वाजता सुई देणे आवश्यक आहे व ती अर्जदाराच्याच हातची असणे वैद्यकीय दृष्ट्या इष्ट आहे. सायकलने जाणे-येणे, खाऊ घालणे व सुई देणे यास एकूण पाऊण तास लागतो. त्या अवधीत खनिज न आल्यास भट्टीचा खोळंबा होईल, याची अर्जदारास जाणीव आहे. सबब विनंती की, सदर भट्टी रोज दोन वेळा पाऊण-पाऊण तास विझवून ठेवण्यात यावी, व ही व्यवस्था गिट्टीच्या हयातीपर्यंत चालू ठेवावी.'