कारण : कढी

१. नाव : मुग्धा रेणुकादास देवणीकर.

२. हुद्दा : कार्यालय सहायक. या संस्थेतून जो कुणी नोकरी सोडतो, त्याची शेवटची मुलाखत मी घेते आणि हा फॉर्म भरते. सहा वर्षांत एकशे अकरा फॉर्म भरले. आज मीच निघालेय. संचालक वीरभद्र सर म्हणाले, "तुझी मुलाखत कोण घेणार बये? तूच विचार, तूच सांग. घरगुती टाक आणि सही कर. दाखला टाइप करून ठेवलाय." नांदेडच्या क्लासमध्ये जागा आहे, पण अनुभवाच्या दाखल्याशिवाय ते घेत नाहीत.

३. कामाचे ठिकाण : लातूर. मुलींचे वसतिगृह आणि अभ्यासिका.

४. नोकरी सोडण्याचे कारण (एका शब्दात) :

(नंतर भरते.)

५. संस्थेबद्दल काय आवडले? निकाल. बोर्डावरचे फोटो. दर जूनमध्ये पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरणाऱ्या मुली, आणि सगळ्या सांगतात, डॉक्टरच व्हायचंय.

४. (पुन्हा) कारण :

मागच्या जुलैत सुमनबाई या खुर्चीत बसल्या होत्या. वसतिगृहाच्या बाई. पन्नाशीच्या. नेमून दिलेलं काम असं : दुपारी दोन ते पाच दुसऱ्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत मुली बसवायच्या आणि बाहेरून कडी लावायची. मुली फिरत नाहीत, फोन होत नाहीत, पालकांना शिस्त दिसते. चोपन्न मुली, एक दार.

"कारण काय लिहू, सुमनबाई? घरगुती?"

"घरगुती कशाला? घरात हायच कोन?"

"मग तब्येत लिहिते."

"तब्येत झकास हाय. कडी ल्हिवा."

"कडी?"

"एकाच शब्दाची जागा हाय म्हन्लाव ना? कडी."

मी पेन खाली ठेवलं. त्यांनी सांगितलं ते असं. त्र्याण्णवला त्यांचं गाव किल्लारीच्या अलीकडे. पोरगी पाच वर्षांची, झोपेत उठून चालायची. अंगणापलीकडे विहीर. म्हणून आजीजवळ आत निजवून बाहेरून कडी लावायच्या आणि स्वतः अंगणात पडायच्या. भूकंपाच्या त्या रात्रीही लावली.

"भित्ताडं गेली, वरचं माळवद खाली आलं. चौकट उभीच. दार लावलेलं, कडी लावलेली. म्या कडी काढली, दार ढकललं. ढकलंना. आत मातीच माती."

"कडी नसती तरी काही झालं नसतं, बाई. एवढं वजन."

"समदे त्येच म्हन्तात. सरकारी डागदर बी म्हन्ला." त्या हसल्या. "पर ठोकत हुतं की कुनीतरी. आतून. दिस वर येस्तोवर."

मग म्हणाल्या, "त्या दाराला दुपारी हात लावला की मला ऐकू येतंय. माझं मरू द्या, म्या जाते. तुमी कागदावर घ्या. कागदावर आलं की सायबाला वाचावं लागतंय."

मी लिहिलं. कडी.

६. सुधारणेसाठी सूचना :

इथे जागा जास्त आहे, म्हणून खरं इथे लिहिते. मी 'ड' काढला आणि त्याचं टोक आत वळवलं. थोडंसंच. ड वाचला तर ड, ढ वाचला तर ढ. हात घसरला नव्हता. सुमनबाईंना वाटावं मी लिहिलं, सरांना वाटावं नाही लिहिलं, एवढंच मला हवं होतं.

टायपिस्ट आलोकनं ढ वाचला. महिनाअखेरच्या बैठकीत सरांनी यादी वाचली : घरगुती, लग्न, घरगुती, कढी.

"अरे, बाईनं कढीपायी नोकरी सोडली!" सर टेबलावर हात आपटून हसले. "इतकी वाईट करता व्हय रे? मेसला सांगा, गुरुवारची कढी बंद. पिठलं करा."

सगळे हसले. मीही हसले. सुमनबाईंना त्यांचा दाखला मिळाला आणि त्या मुदखेडला एका वसतिगृहावर लागल्या.

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला.

"मुग्धाताई, त्या कडीचं काय झालं वो?"

मी म्हणाले, "सरांनी बंद केली."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. "लई उपकार झाले, माय. एवढ्या सालांनी आज झोप लागंल बगा."

४. (तिसऱ्यांदा) कारण :

सुमनबाईंच्या जागी कुणी मिळेना, म्हणून कडीचं काम माझ्याकडे आलं होतं. फोन आला त्या दुपारीही दोन वाजता मीच कडी लावली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर असताना आतून ठोकल्याचा आवाज आला. तीनदा. मोठ्या माणसाचा हात वाटला नाही, आणि दाराच्या खालच्या अंगाला.

परत जाऊन दार उघडलं. चोपन्न माना पुस्तकांत. दारापासून पहिली रांगच दहा हात लांब.

"कुणी ठोकलं?"

उदगीरची इरा म्हणाली, "कुणी उठलंच नाही, म्याडम." तिच्या शेजारची कुजबुजली, "म्याडमलाच टेन्शन आलंय परीक्षेचं," आणि दोघी हसल्या.

पुढे रोज. मी रोज उघडून बघायची, रोज पुन्हा लावायची. चार महिने. तिसऱ्या पायरीवर कान आपोआप मागे वळायचे.

७. या संस्थेत पुन्हा काम कराल का?

काल दिपाली रुजू झाली. नवी बाई, बावीस वर्षांची. मी तिला कडी दाखवली. "घट्ट बसते, जरा उचलून लावायची," असं सांगितलं. माझ्याच तोंडानं. नाही.

४. कारण :

चौकट पुरत नाही. मी चौकटीबाहेर, कागदाच्या पाठीवर, टाइप करून चिकटवते : 'दुपारी दोन ते पाच अभ्यासिकेच्या दाराला बाहेरून कडी लावतात. आत चोपन्न मुली असतात. दुसरं दार नाही. सुमनबाईंनी हेच कारण सांगितलं होतं. ते मी मुद्दाम चुकीचं लिहिलं.' दोन प्रती.

८. सही :

केली. दोन्ही प्रती सरांपुढे ठेवल्या. दोन वाजत आले होते.

सरांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. हसले नाहीत. "मुग्धा, अशानं दाखला कसा देऊ मी?"

"नका देऊ. दुसऱ्या प्रतीवर पोच द्या. शिक्का आणि तारीख."

"पोच घेऊन कुठं जाणारेस?"

"जिथं वाचतील तिथं. आणि मुदखेडला. सुमनबाईंना मी फोनवर खोटं सांगितलंय."

सरांनी शिक्का शाईच्या डबीत दाबला आणि हात तिथेच राहू दिला. दारात दिपाली आली. "सर, दोन वाजले. कडी लावू का?"

सर माझ्याकडे बघत होते. "आजच्या दिवस राहू दे," ते म्हणाले.

"आणि उद्या?" दिपालीनं विचारलं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

शिक्का डबीतच होता. मी खुर्ची पुढे ओढली आणि बसले.