युरियाच्या पोत्यातला धन्या

मनुबाईचं डोकं पहिल्या दहा मिनिटांतच फिरलं. एसटीची धक्काबुक्की सोसून, थोरल्या जावेला, अंबूबाईला, बाबापुता करून पलूसजवळच्या गावातनं इथवर सांगलीच्या थेटरात आणलं, आणि पडद्यावर पोरानं तोंडावर काय घातलेलं, तर युरियाचं पोतं. डोळ्यांपुरती दोन भोकं. आता ह्या पोत्यात आपला धनाजी आहे हे अंबूबाईला पटवायचं कसं?

पटवणं तर भाग होतं. 'खुनी फड' सिनेमाच्या पहिल्या भागात धनाजी चादरीखालचं प्रेत झाला होता. पडद्यावर त्याचे तळवे तेवढे दिसले. तळव्यावरनं कुणी माणूस ओळखतं का, असं म्हणून अंबूबाईनं भावकीत जाहीर करून टाकलं की पोरगं पुण्यात हॉटेलात बशा विसळतंय आणि आईला थापा मारतंय. ते धनाजीच्या जिव्हारी लागलं. अंबूबाईनंच त्याला अंगाखांद्यावर खेळवलेला, तो तिला थोरली आई म्हणायचा. थोरल्या आईचा विश्वास बसेल तेव्हाच घरी येईन म्हणाला, आणि दोन वर्षं गावात पाऊल टाकलं नाही. ना यात्रेला, ना दिवाळीला. 'खुनी फड, भाग दोन'मध्ये खुनी मीच आहे असा त्याचा फोन आला तेव्हा मनुबाईनं देवापुढं साखर ठेवली होती. देवानं हे पोतं दाखवलं.

बरं, सिनेमा तरी धड असावा. पहिल्या भागात खुनी उसाच्या सबंध फडाबरोबर जळून मेला होता, तो ह्या भागात पाचट झटकत उठून बसला. कसा, ते विचारायचं नाही. उसाची तर थट्टाच मांडलेली. नटी फडात शिरताना ऊस गुडघ्याएवढा, आणि पाच पावलं पळाली की डोक्याच्या वर, तुरा आलेला. बिनबाह्यांचा झगा घालून ती सगळा फड पळाली, पण दंडावर एक ओरखडा नाही. मनुबाईनं जन्मभर उसाच्या पाल्यानं हात कापून घेतलेले, तिला हे बघवेना. रक्त बघून अंबूबाई म्हणाली, बीट जरा जास्तच शिजवलंय.

पण खरा संताप आला तो कोयत्याचा. ह्या पोत्यानं कोयता तलवारीसारखा धरलेला, पातं उलटं, धार आभाळाकडं. शूटिंग साताऱ्याकडं झालं होतं म्हणे. तिथं काय ऊस तोडणारं एक माणूस भेटलं नाही ह्यांना?

"ह्यो आपला धन्या?" अंबूबाई म्हणाली. "आपलं पोरगं असा कोयता धरतंय व्हय? मने, गप बस आता."

मनुबाईनं मनातल्या मनात पोराला चार शिव्या दिल्या, डायरेक्टरला आठ.

गंमत अशी की, एवढं सगळं फालतू असून दोघींनाही उठवेना. मध्यंतरात अंबूबाई बाहेर गेली ती घंटा व्हायच्या आधीच येऊन बसली, आणि नटीचा चुलता खुन्याला सामील आहे असं सांगूनही टाकलं. नटी विहिरीकडं निघाली की ती पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरायची. पोतं मागनं आलं की मागं बघ की गं भवाने, म्हणून नटीला बजवायची. चुलता मेला तेव्हा तर तिनं टाळी वाजवली. ते बघून मनुबाई आणखीच चडफडली. सिनेमा आवडतो, आणि ज्याच्यामुळं आवडतो त्याला ओळख द्यायची नाही, हा कुठला न्याय?

शेवटी खुन्यानं नटीला फडाच्या मधोमध गाठलं. तिनं उसाचं टिपरू हाणलं, कोयता त्याच्या हातातनं पडला. ती पळाली, तो मागं धावला, आणि धावताना त्याचा पाय पडला नेमका कोयत्यावर. खुनी थांबला. नटी पुढं किंचाळत पळतेय, ढोल धडाधड वाजतायत, आणि हा वाकला, कोयत्याला हात लावला, तो हात पोत्यावरनंच कपाळाला लावला, मग छातीला. मग कोयता उचलून पुन्हा पळत सुटला. दुसऱ्यांदा शूटिंग करायला कुणाला वेळ नसावा, तसंच ठेवून दिलेलं.

सगळं थेटर खो खो हसायला लागलं. शिट्ट्या झाल्या. मागनं एक कॉलेजवाला ओरडला, खुनी लय देवभोळा हाय रं. मनुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन तास ज्याला ती माझा, माझा म्हणत होती, त्याला अख्खी सांगली हसत होती. आता जावेनं विचारलं तर हा धन्या नव्हंच म्हणायचं, असं तिनं ठरवूनसुद्धा टाकलं.

अंबूबाई हसत नव्हती. ती उठली, पदर कमरेला खोचला आणि पडद्याकडं पाठ करून उभी राहिली. मागचे बसा बसा म्हणून ओरडायला लागले.

"दात काय काढताय? कोयत्याला पाय लागल्यावर पाया पडू न्हाई व्हय? मी शिकवलंय त्येला. सात वर्साचा हुता, खंडेनवमीला पुजलेल्या कोयत्यावर पाय दिऊन गेला, तवा ह्या हातानं मुस्काटात दिली हुती. आमचा धन्या हाय त्यो."

अंबूबाई खाली बसली आणि जसं काही झालंच नाही असं पुढं बघायला लागली. मनुबाईच्या डोळ्यांना धार लागली होती, शेवटचा खून तिला दिसलाच नाही.

सिनेमा संपला तसे दिवे लागले, दारं उघडली, आणि नावं यायला लागली तोच पडदा बंद केला. धनाजीचं नाव राहिलंच. मनुबाई मशीनवाल्याशी भांडायला निघाली, पण अंबूबाईनं तिला दंडाला धरून बाहेर काढलं. नाव घेऊन काय करायचंय आता, म्हणाली. थेटराच्या पायरीवर बसून तिनं जावेला फोन लावायला लावला आणि लागल्या लागल्या हातातनं काढून घेतला.

"धन्या, थोरली आय बोलत्येय. पाया पडलास, लय ब्येस केलंस." तिनं पदरानं नाक पुसलं आणि आवाज चढवला. "पण कोयता उलटा धरलास, मुडद्या. आपली ऊसतोड चालू हाय. घरला यिऊन शिकून जा."

पलीकडनं धनाजीनं विचारलं, उद्याच आलो तर चालंल का.