लिनेट बोटीवरची नऊ अंडी

मीनलला ब्रॅकनेलच्या कॉम्प्युटर कंपनीत पहिली नोकरी लागली, त्याच उन्हाळ्यात तिच्या वडिलांनी मला विकत घेतले. ते साल १९९०. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला चित्रातही पाहिले नसेल. मी कालव्यातली बोट. इंग्लंडचे कालवे अरुंद, म्हणून मीही अरुंद. लांबी सत्तर फूट आणि रुंदी फक्त सात. माझ्या आत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला पोट आत घ्यावे लागते.

माझा जन्म १९३६ सालचा. मागच्या दहा फुटांत एक कुटुंब राहायचे: नवरा, बायको, चार मुले आणि एक कुत्रा. उरलेल्या जागेत कोळसा. मुले एका गावी दोन दिवस टिकत नसत, मग शाळा कुठली? त्यांना ढग कळत, वारा कळे, पाण्याची खोली कळे, पण अक्षर एकालाही येत नव्हते. माझ्या अंगावर पिवळ्या रंगात काहीतरी रंगवलेले होते. ती मला नक्षीच वाटायची.

१९६३ च्या हिवाळ्यात कालवा गोठला. बर्फ वितळला तोवर कोळसा लॉरीने जाऊ लागला होता. मला एका आडबाजूला सोडून दिले. वीस वर्षांहून जास्त काळ मी चिखलात अर्धी बुडून होते. माझ्यात बेडूक राहिले, पाणकोंबड्या राहिल्या. मग एका सुताराने मला वर काढले, कोळशाच्या जागी खोल्या केल्या, चूल बसवली आणि पुढे मला विकून टाकले.

अशी मी मीनलच्या वडिलांकडे, चंद्रशेखरकडे आले. तो बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षे लेथ मशीनवर कामाला होता. कारखाना बंद पडला आणि हाताला काम हवे म्हणून त्याने मला घेतले. त्याची बायको अलका हॉस्पिटलात नर्स. आणि त्याची आई ठमाबाई, मीनलची आजी.

आजी पहिल्यांदा माझ्यावर आली तेव्हा ती आत गेलीच नाही. कडेला बसून पाण्याकडे बघत राहिली.

"चंदू, हे पाणी कुणाचं?"

"सरकारचं, आई."

"हात घातला तर कुणी काही म्हणतं का?"

"म्हणत नाही. पण घाण आहे, डिझेल असतं त्यात."

आजीने मनगटापर्यंत हात बुडवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मित्रांनो, आजीच्या लहानपणी तिच्या गावातल्या तळ्याला तिच्या माणसांनी शिवायचे नाही, असा नियम होता. हे मला नंतर, तिच्याच बोलण्यातून कळले.

आजीला गाडी लागायची. कार, कोच, ट्रेन, कशातही बसली की पोटातले सगळे बाहेर यायचे. माझ्यात तिला काही होत नसे. मी माणसाच्या चालीने चालते, तेवढेच तिला मानवे. ती घरापेक्षा माझ्यावरच जास्त राहू लागली. अलकाने तिला तिथेच अक्षरे शिकवली, आधी मराठी, मग इंग्लिश. कोळशाच्या पेटीच्या झाकणावर खडूने ती एक एक अक्षर गिरवायची आणि मोठ्याने म्हणायची. तिच्याबरोबर मीही शिकले. एका सकाळी ती काठावर उतरली आणि माझ्या अंगावरच्या पिवळ्या नक्षीवरून बोट फिरवत म्हणाली, "लि... ने... ट." मीनलने सांगितले की ते एका लहान गाणाऱ्या पाखराचे नाव आहे. पन्नासाहून अधिक वर्षे मी माझे नाव अंगावर घेऊन फिरत होते, आणि ते मला त्या दिवशी समजले.

या अक्षरांमागे आजीचे एक काम होते. लंडनला कॅमडेनमध्ये किंग हेन्रीज रोडवर एक घर आहे. बाबासाहेब शिकायला आले तेव्हा तिथे राहिले होते. त्या घरावर आता निळी पाटी लागली आहे, असे कुणीतरी सांगितले. आजी म्हणाली, "मला वाचून दाखवू नका. मी माझी वाचीन." बर्मिंगहॅमपासून कॅमडेनपर्यंत कालवा जातो. तेव्हा आजीला तिथे नेऊ शकेल असे वाहन जगात एकच होते, ते म्हणजे मी.

१९९२ च्या ईस्टरच्या सोमवारी निघायचे ठरले. मीनलने दोन आठवडे रजा घेतली. काठावर विलोला कोवळी पाने आली होती, पाणकोंबड्या काड्या ओढत होत्या, एक राखी बगळा रोज त्याच दगडावर उभा राहायचा. मलाही घाई झाली होती. आयुष्यभर मी दुसऱ्याचा कोळसा पोचवला होता. आता एका माणसाला त्याच्या मनातल्या जागी न्यायचे होते.

चंद्रशेखरने पुढचा दोर सोडला आणि छपरावरून मीनल ओरडली, "बाबा, वेट. आजीच्या कोथिंबीरमध्ये डक बसला आहे."

माझ्या छपरावर आजीने लाकडी पेटीत कोथिंबीर लावली होती. तिच्या मधोमध एक तपकिरी बदकीण पिसे फुगवून बसली होती.

"उठव की तिला."

"उठत नाही. ती मला स्टेअर करते."

अलकाने वाकून पाहिले. "अहो, अंडी आहेत. नऊ."

"मग पेटी उचलून काठावर ठेवू," चंद्रशेखर म्हणाला. "पाच मिनिटांचं काम."

"आणि कोल्हा?" आजी म्हणाली. "काल तिथंच हिंडत होता. आणि जागा हलली की ती परत यायची नाही."

"आई, अठ्ठावीस दिवस बसते बदकीण. मीनलची रजा संपेल. आणि..." तो थांबला.

"आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला ठाऊक आहे. इंग्लिश बोलणं कळत नसलं तरी तोंड वाचता येतं." आजीने पेटीकडे पाहिले. "बसलेल्याला उठवायचं नाही, चंदू. मला पुष्कळदा उठवलंय."

चंद्रशेखरने दोर पुन्हा बांधला. त्याची गाठ इतकी घट्ट बसली की माझा कठडा करकरला.

खरे सांगते, मला त्या बदकिणीचा राग आला. मी वीस-वीस टन वाहिले, पण त्या एका किलोच्या पाखराने मला जागेवर खिळवून ठेवले.

पुढचे सव्वीस दिवस आजी हलक्या पावलांनी वावरली. कोथिंबिरीला पाणी घालताना वाटी धरायची, अंड्यांवर थेंब पडू नये म्हणून. कुणी दार आपटले की डोळे वटारायची.

"माझ्या बाळंतपणात एवढी सेवा नव्हती हो, आई," अलका म्हणाली.

"तू एकच घातलंस. हिनं नऊ घातलीत."

चंद्रशेखर तेव्हा कुठे हसला.

सोळा मे, शनिवार. मीनल ब्रॅकनेलहून आली होती. बदकीण खाली पाण्यात उतरली आणि हाका मारू लागली. एकेक पिल्लू छपराच्या कडेला आले आणि कापसाच्या बोळ्यासारखे खाली पडले. आठ उतरली. नववे अंडे फुटलेच नाही. आजीने ते हातात घेतले, काठावरच्या काटेरी झुडपाखाली माती उकरून पुरले आणि म्हणाली, "आता सोड दोर."

मीनलची रजा संपलेली होती. ती कॅमडेनला येऊन भेटणार होती.

आम्ही निघालो. कालव्याच्या दोन्ही बाजूंना हॉथॉर्नची काटेरी झुडपे पांढरी फुललेली. आजी पुढे खुर्ची टाकून बसायची आणि दिसेल ती पाटी वाचायची. पुलांचे आकडे, लॉकची, म्हणजे कालव्यातल्या पाणदारांची नावे, 'कुत्रे आवरा', 'मासे धरू नका'. एकदा निळा खंड्या माझ्या पुढ्यातून तीरासारखा गेला तेव्हा ती वाचता वाचता थांबली आणि तो दिसेनासा झाल्यावर पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू झाली. इतकी आनंदी माणसे मी फार वाहिली नाहीत.

सत्तावीस तारखेला आम्ही मार्सवर्थला होतो. कॅमडेन चार-पाच दिवसांवर राहिले होते. दुपारी आजी म्हणाली, "छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय." चंद्रशेखरने मला पुलापाशी बांधले आणि फोन शोधायला धावला. ॲम्ब्युलन्स पुलावर आली. आजीला उचलून नेले तेव्हा मी पाण्यात किंचित वर आले. तेवढेच तिचे वजन होते.

पाच दिवसांनी चंद्रशेखर आणि अलका परत आले. चंद्रशेखर आजीच्या खुर्चीकडे पाठ करून बसला.

"त्या दिवशी मी पेटी उचलून ठेवली असती तर..."

"तर आई बोटीवर पाय ठेवायला आल्या नसत्या," अलका म्हणाली.

त्याने मला तिथूनच मागे वळवले. मीनल मात्र एकटी त्या घरापुढे जाऊन उभी राहिली. पाटी तिने आजीसारखी वाचली, एक एक अक्षर सुटे करून. येणारे-जाणारे बघत होते, असे तिने नंतर मला सांगितले. म्हणजे, माझ्या छपरावर बसून स्वतःशीच बोलली.

नंतर चंद्रशेखरचे गुडघे गेले आणि आता मला कुणी फारसे हलवत नाही. दर वसंतात बदके येतात, मी त्यांना येऊ देते. रंग उडाला तर उडू द्या. पण मित्रांनो, मला अजून कॅमडेनला जायचे आहे. रिकामी नाही, तिला घेऊन. ते आता होणे नाही. म्हणून तुम्हाला सांगते: तुमच्या दारी कुणी अंडी घालून बसले तर त्याला उठवू नका. आणि तुमच्या घरात म्हाताऱ्या माणसाला कुठे जायचे असेल, तर बदकीण यायच्या आधी, पहिल्या वर्षीच निघा. आम्ही दोन उन्हाळे नुसते ठरवत बसलो होतो. चूक ती होती. बदकिणीची नव्हती.

ठमाबाई गुरुवार, २८ मे १९९२ रोजी सकाळी हॉस्पिटलमध्ये वारली. तिला अठ्ठ्याहत्तरावे वर्ष चालू होते.