जीभ शाबूत आहे

खचाखच भरलेली बस एका हाकेत पुढे सरकवणारी कंडक्टर, अशी आईची डेपोभर ख्याती होती. पण आज ती तपासणीच्या स्टुलावर बसली होती, तरी डॉक्टर स्क्रीनवरची नजर न काढता तिच्या मुलालाच विचारत होते, "यांना झोप लागते का? जेवण जातं का?" मुलगाही पोपटासारखी उत्तरं देत होता.

आई गुडघ्यांवर हात टेकून उठली. दंडाला धरून तिने मुलाला स्टुलावर बसवलं.

"डॉक्टर, उत्तरं हा देतोय, तर इंजेक्शनही यालाच टोचा. माझे गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे."

मुलगा ओशाळला. डॉक्टरांनी पहिल्यांदाच मान वर केली आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. "चुकलं माझं. तुम्हीच सांगा, काय होतंय?"

मग आईने जे सांगितलं, त्यातलं निम्मं मुलाला ठाऊकच नव्हतं.

बाहेर औषधाच्या दुकानात दुकानदाराने गोळ्या मुलापुढे सरकवल्या. "यांना कधी द्यायच्या, कळलं ना?"

मुलाला मघाचा स्टूल आठवला. त्याने मुकाट्याने बाजूला होऊन आईला वाट करून दिली. आता दुकानदाराची काही खैर नव्हती.